तारा नसलेलं आभाळ

रविवारची दुपार उतरायला लागली की आता मला कंटाळा येतो. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी जेवणं आटोपली की मी वाशीमच्या स्टँडवरून मालेगावची बस धरायची. पर्समध्ये पेन ड्राइव्ह असायचा आणि वाटभर मनात उजळणी चालायची, की आज कुठला फोटो आधी दाखवायचा आणि कुठला शेवटाला राखून ठेवायचा. आता बसमध्ये बसले की खिडकीला डोकं टेकवून झोपते. मालेगाव आलं की कंडक्टर हाक मारून उठवतो.

आमची फोटो काढणाऱ्यांची बैठक भरते ती एका मेडिकल दुकानाच्या वरच्या खोलीत. दुकानाचे मालक आमच्यातलेच, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. खोलीत औषधांचे रिकामे खोके रचलेले आहेत, खाली बसायला सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही. तो टीव्ही भाऊंनी घरी क्रिकेट बघायला घेतला होता. घरच्यांनी त्याच्यावर मालिका लावायला सुरुवात केली तेव्हा तो त्यांनी उचलून दुकानावर आणला. दुसरे कायमचे सभासद मंगरूळपीरचे. त्यांचं कापडाचं दुकान आहे, मी त्यांना भाईजान म्हणते आणि ते मला आपा. तिसरी मी, वाशीमला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवणारी. बाकीची मंडळी नवा कॅमेरा घेतला की येतात आणि कॅमेऱ्याचं कौतुक ओसरलं की येईनाशी होतात.

प्रत्येकानं आठवड्यातले निवडक फोटो टीव्हीवर लावायचे आणि इतरांनी ते झाडायचे, अशी आमची रीत. झाडणं हा आमच्यातलाच शब्द. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीही काहीही टाकलं तरी खाली अंगठे आणि ‘अप्रतिम’ची रांग लागते, त्यानं कुणाचाच फोटो सुधारत नाही. खोलीत तसं नाही. डोळा नीट आला नाही, शेपूट कापली गेली, क्षितिज वाकडं झालं, हे सगळं तोंडावर ऐकून घ्यायचं आणि वर चहा प्यायचा. पण सगळ्यात जास्त वेळा जर कुठलं वाक्य त्या खोलीत बोललं गेलं असेल, तर ते भाऊंचं.

“तार काहाडा नं बाप्पा तेवढी.”

आमच्याकडं आभाळ मोकळं आहे, डोंगर म्हणावा असा डोंगर आडवा येत नाही. त्यामुळं तारा लपत नाहीत. विहिरीवरच्या मोटारीची तार, गावाकडं गेलेली तार, मोठ्या टॉवरवरून गेलेल्या हायटेन्शनच्या जाड तारा, सगळ्या कुठूनही दिसतात. शिवाय रानडुकरांसाठी शेताला गुंडाळलेल्या जुन्या साड्या, बाभळीला अडकलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या. आम्ही ते सगळं काढायचो. मोबाइलवर बोट फिरवलं की तार गायब व्हायची आणि तिच्या जागी आभाळ यायचं; मूळ फोटो कुणी जपून ठेवत नसे. खरं तर तितकीही वेळ सहसा येत नसे, कारण उभं राहतानाच आम्ही तारेकडं पाठ करायचो, आणि चुकून तारेचा फोटो निघालाच तर जागच्या जागी उडवायचो. कार्डात उगाच जागा कशाला अडवायची?

मालेगाव-वाशीम रस्त्यावरून थोडं आत गेलं की एक पाझर तलाव आहे. तलावाच्या काठावर उंच काटेसावर आहे आणि तिच्या शेंड्याला कांडेसरांचं घरटं. कांडेसर म्हणजे करकोच्यांपैकी एक. अंगानं काळा, मान पांढरी आणि लोकरीसारखी मऊ, पाय लालसर. ही जोडी आमची लाडकी. हिवाळ्यात काटेसावरीची पानं झडतात, लाल फुलं येतात, आणि त्या फुलांत हे दोघं उभे राहिले की आम्ही तिघंही जरा खुळ्यासारखे वागतो. त्यांचे आमच्याकडं इतके फोटो आहेत, की घरच्या लग्नांचेही नसतील. काही वर्षांपूर्वी तलावावरून हायटेन्शनची लाइन गेली. टॉवर पलीकडच्या बांधाशी, तारा पाण्यावरून आडव्या. आम्ही नाकं मुरडली, जागा बदलली आणि फोटो काढत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी भाईजान उशिरा आले. टीव्हीसमोर बसले, चहाचा कप तसाच हातात धरून राहिले आणि म्हणाले, “आपा, जोडीतला एक गेला. तारेखाली पडेल होता. मी आत्ताच पाहून आलो.”

“फोटो काहाडला का?” भाऊंनी विचारलं.

“नाई. मले नाई काहाडवला.”

घरट्यात दोन पिल्लं होती. आता त्यांना भरवायला एकच उरला होता. तो रोज पाण्यावरून त्याच तारांखालून, तारांवरून ये-जा करणार होता आणि पुढं पंख फुटले की पिल्लंही तिथूनच उडणार होती. त्या दिवशी कुणी फोटो लावले नाहीत. वनखात्याची माणसं येऊन पंचनामा करून गेली. तारेला धडकूनच मेला असं ठामपणे लिहिता येत नाही, असं ते म्हणाले.

तारांवर चमकत्या चकत्या टांगतात, त्या वाऱ्यानं फिरतात आणि पक्ष्यांना तार दुरून कळते, हे आम्हाला माहीत होतं. पिल्लं उडायच्या आत त्या चकत्या लागायला हव्या होत्या. लाइनची देखभाल बघणारे साहेब वाशीमला बसायचे. मी अर्ज घेऊन गेले. माणूस चांगला निघाला. त्यांनी खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि म्हणाले, “मॅडम, एक पक्षी मेला तं वरचे म्हणतीन, मेला असन कशानंही. तिथून पक्षी रोज येते-जाते, तारेच्या जवळून जाते, हे दिसलं पाह्यजे. तुमी तं फोटोवालेच हा. चांगले चार-दोन जुने फोटो आना, मी प्रस्ताव लावतो.”

मला इतकं हलकं वाटलं. फोटोच तर हवे होते, आणि फोटोंचे आमच्याकडं ढीग पडले होते.

पुढच्या बैठकीत आम्ही तिघांनी सगळं काढलं. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, भाईजानांचे दोन्ही मोबाइल. टीव्हीवर एकामागून एक कांडेसर सरकत होते. पाय लोंबवून उतरणारे, चोचीत काडी घेऊन येणारे, संध्याकाळच्या तांबड्या उजेडात वळसा घेणारे. आणि प्रत्येकाच्या मागं आभाळ, धुतल्यासारखं स्वच्छ. त्या आभाळात एकही तार नव्हती. वर्षामागून वर्षं आम्ही त्याच पाण्यावर उभे होतो, आणि आमच्या फोटोंप्रमाणे तिथं कधी लाइन गेलीच नव्हती.

माझ्या एका फोटोत तेवढं काहीतरी सापडलं. वरचा टॉवर मी पुसला होता, पण पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब पुसायचं राहिलं होतं. वर नुसतं आभाळ आणि खाली पाण्यात उलटा टॉवर. भाऊ उठून टीव्हीजवळ गेले.

“हा पुरावा चालन का?” त्यांनी विचारलं, आणि आम्ही तिघंही हसलो. हसता हसता मला माझीच लाज वाटली.

मग आम्ही तारांचे फोटो काढायला निघालो. सांगायला सोपं वाटतं, पण हात वळेना. डोळ्याला कॅमेरा लावला की बोट थांबायचं ते पक्षी तारेपासून सुटा झाल्यावरच. फोकस तारेवर जायचा आणि पक्षी धूसर यायचा, नाहीतर पक्षी नीट आणि तार विरून गेलेली. भाऊ दुकान सोडून सकाळी यायचे, भाईजान मंगरूळपीरहून मोटारसायकलवर अंग आखडून यायचे, आणि मी कॉलेजच्या आधी बांधावर चढायची. गुडघे बोलायला लागले होते. त्या सबंध महिन्यात मला त्या तलावावर एकदाही आनंद झाला नाही. परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. घरट्यातली पिल्लं उभी राहून पंख झाडायला लागली होती आणि एकटा उरलेला पक्षी दिवसभर खेपा घालत होता. तोही थकलाच असणार.

शेवटी जमलं. एका रविवारी टीव्हीवर फोटो लागला. पाण्यावरून येणारा कांडेसर, त्याच्या पंखाला जवळजवळ टेकलेली तार, मागं टॉवर. भाऊंनी मान डोलावली. “तार मस्त आली मॅडम,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्या खोलीत तारेचं कौतुक पहिल्यांदाच झालं.

साहेबांनी मला दिवस सांगितला. त्या दुपारी त्यांची वरच्या ऑफिसात बैठक होती, फोटो सकाळी हातात पडले तर ते सोबत नेणार होते. मी पेन ड्राइव्ह वाशीमच्या आमच्या नेहमीच्या फोटो स्टुडिओत दिला, मोठ्या आकाराच्या प्रिंट सांगितल्या. ठरल्या दिवशी कॉलेजात पहिला तास घेऊन तिथं गेले, बंद पाकीट घेतलं आणि तशीच ऑफिसात पोचले. साहेब निघायच्या तयारीत होते. त्यांनी पाकीट फोडलं, पहिली प्रिंट उजेडात धरली, दुसरी धरली, तिसरी धरली.

“फोटो लय भारी हाये मॅडम,” ते म्हणाले. “पन तार कुठी हाये?”

मी प्रिंट हातात घेतल्या. तारा नव्हत्या. टॉवरही नव्हता. मी जिथं महिनाभर गुडघे फोडून घेतले होते, तिथं पुन्हा तेच धुतलेलं आभाळ होतं. साहेब म्हणाले, अर्धा तास थांबतो, तेवढ्यात आणता आल्या तर बघा. मी ऑटो केला.

स्टुडिओवाले गल्ल्यावर बसून होते. मी प्रिंट त्यांच्यासमोर टाकल्या. त्यांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

“काहून? एखादी तार राह्यली का?” त्यांनी विचारलं.

“तारा काढायच्या नव्हत्या.”

“तुमी तिघंही तं दर बारीले तेच सांगता. आता सांगाची गरज नाई राह्यली मले. मी रातच्याले बसून एक एक तार काहाडली मॅडम.” त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी ते प्रेमानं केलं होतं आणि नीट केलं होतं, कुठं डाग दिसत नव्हता. मला त्यांच्यावर ओरडताही आलं नाही. मशीन तापायला वेळ लागला, प्रिंट निघायला वेळ लागला. ओल्या प्रिंट फुंकत मी परत गेले तेव्हा साहेबांची जीप गेली होती.

वरच्या ऑफिसातली पुढची बैठक काही आठवड्यांनी होती. मधे मार्च होता, आणि मार्चमध्ये कुठल्याच ऑफिसात कुणाला मान वर करायला वेळ नसतो. साहेबांनी तारांसकटच्या नव्या प्रिंट नंतर ठेवून घेतल्या, फोनवर दोनदा स्वतःहून बोलले. त्यांच्याकडं बोट दाखवायला जागा नव्हती. मी घरी आले, पर्स टाकली आणि स्वयंपाक न करता पडून राहिले. नवऱ्यानं खिचडी टाकली.

पिल्लं उडाली ती एका सकाळी, मी आणि भाईजान बांधावर असताना. मोठं आधी उडालं. काटेसावरीवरून निघालं, पाण्यावर खाली खाली आलं, तारांच्या खालून गेलं आणि पलीकडच्या तुरीच्या मोकळ्या रानात धपकन उतरलं. भाईजान पुटपुटले, “शुक्र आहे मालिकचं.” मी श्वास सोडला. मग धाकटं फांदीच्या टोकाला आलं. ते बराच वेळ पुढं-मागं करत होतं. मी कॅमेरा लावला. ते उडालं तेव्हा उंच उडालं, मोठ्यापेक्षा कितीतरी उंच, आणि मी बटण दाबून धरलं.

ते तारेला लागलं त्याचा आवाज आला नाही. मला वाटलं होतं की आवाज येईल. पंख गोळा झाला आणि ते काठाच्या चिखलात पडलं. भाईजान पाण्यात चपलेसकट शिरले. त्यांनी गळ्यातला रुमाल काढून त्याला गुंडाळलं आणि छातीशी धरून वर आणलं. मी वनखात्याला फोन लावत होते. ते थोडा वेळ जिवंत होतं, गाडी यायच्या आत गेलं. त्याच्या मानेवर अजून पिल्लाची मऊ लोकर होती.

त्या रविवारी मी बैठकीला जाणार नव्हते. भाऊंचा फोन आला, “या मॅडम, नका दाखवू काही, नुसत्या बसा.” गेले. पण गेल्यावर मीच पेन ड्राइव्ह लावला. टीव्हीवर तो फोटो आला. उघडलेले पंख, डोळ्यात उजेडाचा ठिपका, आणि पंखाच्या हाडावर बरोबर आडवी बसलेली तार. मागं आभाळ होतं, टॉवर होता, सगळं होतं. फोटो म्हणून त्यात झाडायला काहीच नव्हतं.

भाऊंनी सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं. इतकंच म्हणाले, “सारंच आलं हाये याच्यात.” आणि खाली गिऱ्हाईक आहे असं सांगून दुकानात उतरले. खाली कुणी गिऱ्हाईक नव्हतं, मला वरून दिसत होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. भाईजानांनी टीव्ही बंद केला.

तो फोटो मी स्वतः समोर उभी राहून छापून घेतला. स्टुडिओवाल्यांनी तो मशीनमधून काढला, पाहिला आणि पैसे घ्यायला नकार दिला. साहेबांनी तो टेबलावर ठेवला आणि लगेच प्रस्तावाची फाइल काढली. प्रस्ताव वर गेला आणि पहिल्याच फेरीत मंजूर झाला. पावसाळ्याच्या आत चकत्या लागल्या. भाऊ म्हणाले, काम झालं. झालं, हे खरंच आहे.

या हिवाळ्यात काटेसावरीवर पुन्हा जोडी आहे. त्यातला एक तोच असेल, दुसरा कुठून आला ते मला सांगता येणार नाही. तारांवर चकत्या फिरतात, ऊन पडलं की लकाकतात, आणि पक्षी येताना दुरूनच वळसा घेऊन वरून जातात. आता तारेसकट फोटो काढायचे असं आम्ही तिघांनी खोलीत बसून ठरवलं आहे. नवे सभासद विचारतात, कशाला? मग भाऊ त्यांना तो फोटो दाखवतात. मी तेव्हा चहा आणायला खाली जाते.

परवा सकाळी एकटीच तलावावर गेले. थंडी होती, पाण्यावर वाफ होती. बांधावरून चालत गेले, थांबले, कॅमेरा डोळ्याला लावला. घरटं दिसलं, फुलं दिसली, कांडेसराची पांढरी मान दिसली आणि मागं आभाळ एकदम स्वच्छ. चांगलं वाटलं. मग लक्षात आलं. मी मान वळवली तर तारा आणि चकत्या माझ्या पाठीशी होत्या. मी त्याच जुन्या जागी येऊन उभी होते, माझे पाय मला न विचारता तिथं गेले होते. कॅमेरा खाली केला, बांधावर टेकले आणि आता दुसऱ्या जागी जायला उठावं असं मनात म्हणत तिथंच बसून राहिले.